पेटीतलं वाळवंट

लोणावळा, २२ जुलै १९३६

१. भूगोलासाठी वर्गात केलेल्या वाळवंटाच्या पेटीतलं काटेरी रोप कुजलं.
२. वाळू तळापर्यंत ओली निघाली.
३. कुसगावच्या हिरानं, कुणी विचारण्याआधीच, आपण रोज पाणी घातल्याचं सांगितलं.
४. हेडमास्तरांनी तिला, परत यायचं नाही असं सांगून, शाळेतून घरी पाठवलं.

"बाई, तुमी इसरल्या असाल म्हून मी घालत व्हते. तानेनं मरंल की ते!" हिरा म्हणाली. मागून कुणीतरी ओरडलं, "वाळवंटात भात लावतीया!" सगळे हसले. मी हसले नाही, पण हेडमास्तरांसमोर तिची बाजूही घेतली नाही. का?

बर्फाचा प्रदेश, समुद्र, दाट अरण्य, सगळं शिकवून झालं. मुलांनी धडाधड पाठ केलं. पण पाण्यानं मरणारं झाड असतं, हे इथल्या पावसात वाढलेल्या पोरीला कसं पटावं? ती ओली वाळू अजून माझ्या नखांत आहे. रोप पुण्याहून दुसरं आणता येईल. हिराच्या घरी मात्र भाताची लावणी चालू आहे. एकदा शेतात उतरवली की तिला परत पाठवणार नाहीत. आणि वर्गात ते वाळवंट खरं मानलं ते तिनं एकटीनं.

सकाळी हेडमास्तरांना एवढंच लिहून द्यायचं: हिराला परत वर्गात बसू द्यावं. उत्तर शनिवारपर्यंत मिळावं.