डाव्या बाजूची झाडी

९ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मागची खोली रिकामी करून, घर भाड्याने देऊन तुझ्याकडे कायमची राहायला ये, असं तू लिहिलंस. विचार करते. पण सध्या खोली रिकामी करता येत नाही, कारण तिथे युद्ध चालू आहे.

हे आणि पोस्टमास्तर दर रविवारी त्या मोठ्या टेबलावर करंगळीएवढे सैनिक मांडून, फासे टाकून लढायचे, ते तू पाहिलंच आहेस. हे गेले तेव्हा एक लढाई अर्धी राहिली. मी तिच्यावर चादर टाकली आणि दार लावून घेतलं. काल पोस्टमास्तर आले. बराच वेळ उंबऱ्यातच उभे होते. मग म्हणाले की वहिनी, लढाई पुरी करायला हवी. खेळी यांची होती, तर यांच्या बाजूने तुम्ही बसा. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणाले, शिकवतो. अडचण एकच होती. त्यांच्या डाव्या बाजूला जंगल हवंय आणि ते यांनी करून देईन म्हणून सांगितलं होतं. सध्या तिथे हिरवा कागद आहे आणि त्यावर यांच्या अक्षरात ‘झाडी’ लिहिलेलं आहे.

मी करते म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. यांच्या कपाटात तार, डिंक, रंग सगळं आहे. तार पिळली की खोड होतं, टोकं फाकवली की फांद्या, आणि त्यांना हिरवा रंगवलेला स्पंजाचा चुरा चिकटवला की पानं. स्पंज मिक्सरमधून काढला. मिक्सर आता स्वयंपाकाच्या कामाचा राहिला नाही. पहिलं झाड वाळत ठेवलंय. बाटल्या धुवायच्या ब्रशसारखं दिसतं.

गुडघ्याला शेक देत जा. माझी माया आहेच, तूही आठवण ठेव.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग आमच्याकडच्यांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त मिक्सर कुठला होता ते विचारलं. या माणसाकडून मी दुसरी अपेक्षाही केली नव्हती.

ताई, रागावू नकोस, पण मला काळजी वाटते. भावोजी गेले तेव्हा मी तिथेच होते. घरभर माणसं रडत होती आणि तू उशांचे अभ्रे बदलत होतीस. तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी म्हटलं, येईल हळूहळू. तर आता तू स्पंजाची झाडं करतेस. जरा डॉक्टरांना दाखवून ये.

दुसरं असं, की पोस्टमास्तर एकटेच राहतात ना? दर रविवारी येणार, मागच्या खोलीत बसणार. तुझ्या समोरची बाई काय काय बोलत असेल, ते मला इथे बसून ऐकू येतंय.

आणि ब्रशसारखं दिसणारच. तू तार वरपासून खालपर्यंत सारखीच पिळली असणार. बुंधा खाली जाड हवा, मुळं बाहेर डोकावायला हवीत. हिरवा एकच वापरू नकोस. आत काळपट, वर उजळ. मी इतकी वर्षं शाळेत चित्रकला काय उगाच शिकवली? हे मी तुला उत्तेजन म्हणून लिहीत नाहीये. वाईट झाडं मला बघवत नाहीत, एवढंच.

मोठ्या बहिणीपुढे जास्त बोलले असेन तर पोटात घाल, आणि लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
बेबी


११ एप्रिल

चि. बेबीस,
अ. उ. आ.

बुंध्याचं बरोबर निघालं. मी बागेत जाऊन झाडं नीट बघून आले. खाली वाकून मुळं बघत होते, तर रखवालदार येऊन काय हरवलंय म्हणाला आणि माझ्याबरोबर शोधू लागला. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी सापडलं म्हणून सांगितलं.

माझी झाडं आता झाडांसारखी दिसतात. पण पोस्टमास्तरांना पसंत पडत नाहीत. आधी म्हणाले, हलकी आहेत, फासे पडले की कलंडतात. मी बुडाला लोखंडी चकत्या लावल्या. मग म्हणाले, सगळी एका उंचीची आहेत. लहानमोठी केली. मग म्हणाले, जंगल म्हटलं की एखादं वठलेलं झाड असतंच. तेही केलं. त्याला स्पंज लागत नाही, त्यामुळे ते सगळ्यांत चांगलं जमलं. गेल्या रविवारी म्हणाले की लढाई पानगळीतली आहे, तर हिरवा जरा जास्तच होतोय. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

चहा घेताना त्यांनी यांची खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढली. हे बसायला आले की ते नेहमी तसं करायचे. मग लक्षात आलं असावं. पुन्हा आत सरकवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाडांत काही खोट नाही, बेबी. ही लढाई संपली की त्यांची यांच्याबरोबरची शेवटची लढाई संपते. म्हणून त्यांना पानं हिरवी दिसतात.

समोरच्या बाईची काळजी सोड. ते माझ्याकडे बघतच नाहीत, झाडांकडे बघतात. मी त्यांना सांगून टाकलंय की आहेत त्या पानांवर १९ तारखेच्या रविवारी खेळायचं.

तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा, आणि मलाही मनात ठेवा.

तुझी,
ताई


१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, टपालाची वेळ झालीये. तुझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतली, पडदेही लावले. तो विषय नंतर. आधी पोस्टमास्तरांची चांगली जिरव. आमच्याकडच्यांनीही तेच कळवायला सांगितलंय.

आहे तशीच माया असू दे.

तुझी,
बेबी


२१ एप्रिल

चि. बेबीस,
अ. उ. आ.

आम्ही हरलो.

यांचं घोडदळ झाडीकडे तोंड करून उभं होतं. झाडीतून निघून पोस्टमास्तरांच्या तोफांवर बाजूने तुटून पडायचं, असा यांचा बेत असणार. कागदावरून घोडे आरामात गेले असते. पण नियम असा आहे की घोड्याखालची पट्टी दोन खोडांमधून मावली तरच घोडा पुढे जातो. आणि मी झाडं दाट लावली होती. दाट छान दिसतात. एकही घोडा मावेना.

पोस्टमास्तर म्हणाले की वहिनी, एखादं झाड उचलू का, इथे कोण बघायला बसलंय. मी नको म्हटलं. मेहेरबानीने जिंकलेलं यांना कधी पचलं नाही. पत्त्यांतसुद्धा मी मुद्दाम हरले की चिडायचे. मग पोस्टमास्तर फासे टाकत गेले आणि पडलेला एकेक घोडा उचलून कापसात ठेवत गेले. शेवटी यांचा सेनापती तेवढा उरला. हरणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने आडवा करायचा असतो. मी केला.

मग मी रडले. चांगली हुंदके देऊन, बाहीला नाक पुसत, लहान मुलासारखी. पोस्टमास्तरांनी समजूत घातली नाही, पाणी आणायलाही उठले नाहीत. चष्मा काढून टेबलाकडे बघत बसून राहिले. मग म्हणाले की वहिनी, झाडं उत्तम झालीत.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. चार दिवस जास्त राहीन, पण कायमची नाही. खोली रंगवलीस त्याबद्दल मनापासून बरं वाटलं. मला परत यायला हवं. त्या रविवारी निघताना पोस्टमास्तरांनी अडखळत विचारलं की पुढच्या वेळी यांचंच सैन्य घेणार का. मी नाही म्हटलं, यांचं राहू दे कपाटात, मला माझं पाहिजे. मग त्यांनी गणवेशाचा रंग विचारला.

मी निळा सांगितलाय.

येते तोवर माझी वाट बघ, आणि आल्यावर कंटाळू नकोस.

तुझी,
ताई