चालता कंट्रोलर बदलला

पूर्णा. सोमवार, दिवेलागण.

आज माझीच मला किळस आलीय. बशीर मामूंच्या छापखान्यातला जुना कंप्युटर मेला, डिस्क तेवढी वाचली, म्हणून त्यातली जुनी विंडोज मी नव्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कंप्युटरातच दुसरा कंप्युटर, करून बसवली. पत्रिकांचे फाँट, फायली सगळं त्यातच. सकाळी चालू झालं होतं. गप बसावं ना! पण व्हिडिओत ऐकलं, डिस्क जोडणारा आयडीई कंट्रोलर म्हातारा, नवा व्हर्टआयओ लय फास्ट. बदलला. निळा पडदा, विंडोज उघडेचना!

तेवढ्यात पालमचे काका आले, पोरीच्या लग्नाची पत्रिका न्यायला. "सगळ्या नको, एकच दे बाबा. आज सोमवार, हळद लावून देवापुढं ठिवायचीय." हातात हळदीची पुडी. मी सेटिंगं उलटपालट करत बसलो. मेमरी वाढवली, मधेच वॉलपेपर बदलला. वॉलपेपर कशाला?

मामू म्हणाले, "चलती गाडी का चक्का कायकू निकाला रे?"

पाचची एसटी लागली. काकांनी पुडी खिशात घातली. "ऱ्हाऊ दे, तुझा बी नाइलाज हाय." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नाइलाज कसला, माझीच खाज!

गाडी गेल्यावर परत आयडीई केला. दोन मिनिटांत चालू. जुन्या विंडोजमधे नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नव्हता, तिला डिस्क दिसणार कशी? आधी ड्रायव्हर टाकायचा, मग कंट्रोलर बदलायचा. एवढंही वाचलं नाही मी.

पहिली पत्रिका छापून समोर पडलीय. चारी कोपरे पांढरेफटक. हळद पालमला परत गेली.