रडण्याचं काम

९ जानेवारी

धाकटी आली. एक बॅग, एक छत्री, आणि चेहरा असा की कुठल्यातरी ऑफिसात रुजू व्हायला आलीय. नवरा जाऊन महिना होत आला. कामावर खुर्चीत बसल्या बसल्या गेला, चाळिशीही गाठली नव्हती. आणि ही बाई अजून रडलेली नाही. एक थेंब नाही! आल्या आल्या मला विचारते काय, ‘ताई, तुझी चहाची गाळणी बदलायला झालीय, नाही का?’

दुसरा कप फळीच्या मागून शोधून काढावा लागला.

आईचा फोन. पहिला प्रश्न — रडली का?

१० जानेवारी

तिचे हात हातात घेतले. गार पडलेले. अंगात ताप नाही, काही नाही, पण हात गारच. दोन घास खाते, पाणी पिते, ‘पोट भरलं’ म्हणते. झोपेत दात खाते. सकाळी जबडा चोळत उठते.

शेवटी माझा तोल गेला. ‘रड ना गं बाई एकदाची!’

म्हणाली, ‘येत नाही, ताई. प्रयत्न केला.’

प्रयत्न केला! बरणीचं झाकण उघडेना, असं सांगावं तसं सांगितलं.

आणि बहीण कुणाची? माझी! मी तर रडण्यावर पोट भरते. परदेशी मालिकांतल्या बायका पडद्यावर रडतात, त्यांना आपल्या भाषेतलं रडू मी पुरवते. स्टुडिओत मला रडूबाई म्हणतात. पोटातलं, घशातलं, नाकातलं — सांगाल ते, सांगाल तेवढं. डोळे कोरडे ठाक! काजळसुद्धा हलत नाही. माझा स्वतःचा संसार मोडला त्या आठवड्यातही मी कामावर जाऊन तिघीचौघींचं रडून आले होते, आणि घरी येऊन मस्त झोपले होते. कामाचं काम, घरचं घरी.

पण सख्ख्या बहिणीला एक हुंदका काही शिकवता येईना.

१३ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सगळं ठीक म्हणाल्या. धाकटी चपला घालत होती तेवढ्यात मला बाजूला घेतलं. ‘बळजबरी करू नका. माणूस रडतो तेव्हा शरीर आधी ताणलं जातं, मग सैल पडतं. श्वास लांब होतो, ठोके उतरतात. पण रडून प्रत्येकाला बरं वाटतंच असं नाही हं. जवळ कोण आहे, त्यावर बरंच असतं.’

मी आहे की जवळ! आणखी कोण हवंय?

पण श्वासाचं ते डोक्यात राहिलं. इतकी वर्षं हा धंदा केला, पण रडून झाल्यावर पुढे काय होतं ते मला ठाऊकच नाही. माझं रडू ‘ओके’ म्हटलं की संपतं.

१४ जानेवारी

तिला कांदे चिरायला दिले. ढीगभर.

डोळ्यांतून धारा! मी आशेने बघत बसले. धाकटीने नाक पुसलं, ‘झणझणीत आहेत’ म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले. आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, ‘तू मूर्ख आहेस.’

आहे.

१६ जानेवारी

आज तिने तापलेल्या तव्यावर हात टेकला. मी किंचाळले तेव्हा कुठे तिने हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं! हात नळाखाली धरला, मलम लावलं. मला भीती वाटते. ही अशीच राहिली तर?

उद्या रेकॉर्डिंग आहे. एकटी ठेवणार नाही. सोबत नेते.

१७ जानेवारी

कसं लिहू? लिहितेच.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे केवढीशी. भिंतींना जाड कापड, समोर पडदा, एक माइक. मी दिवा बंदच ठेवते, अंधारात रडायला सोपं जातं. आत दुसऱ्या कुणाला न्यायचं नसतं. मी धाकटीला गुपचूप मागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं आणि बजावलं — हलायचं नाही, खोकायचं नाही. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे, मान त्याच्या यंत्रात. त्याला पत्ताच नाही.

पडद्यावरची बाई पायरीवर एकटी बसून रडते. सोपं काम. मी रडले. छतातल्या स्पीकरमधून तो म्हणाला, ‘छान. अजून थोडं, मॅडम.’ पुन्हा रडले. ‘अजून थोडं. पोटातून येऊ दे.’ पुन्हा. ‘जमतंय, जमतंय. अजून थोडं.’

लाल दिवा लागला. मी श्वास भरला, तोंड उघडलं — आणि रडणं सुरू झालं. माझं नव्हे!

आधी आवाजच नव्हता. नुसता आत ओढलेला श्वास. इतका लांब, की वाटलं हा आता बाहेर येतच नाही. मग आला. देवा! मी जे पोटातलं म्हणून विकते ते पोटातलं नाहीच. हे तळपायापासून वर आलं. धाकटी स्टुलावरून खाली घसरली होती. मी हेडफोन फेकून तिच्याजवळ बसले, तिला धरलं. कपडा पिळावा तसं तिचं अंग पिळवटत होतं. माझा खांदा भिजला. पाणी गरम होतं! आसवं इतकी गरम असतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिचे हात — माझ्या हातात होते — बघता बघता ऊन झाले. मी स्वतः अनुभवलं. खोटं वाटेल, पण झाले.

हळूहळू लाट ओसरली. एक हुंदका, मग थांबणं, मग लांब श्वास. मग त्याहून लांब. मीही तिच्याबरोबर श्वास घेत होते.

आणि स्पीकरमधून आवाज — ‘ओक्के! मॅडम, काय रडलात! काटा आला अंगावर! फक्त पडद्यावरची बाई लवकर आवरतं घेते, तुम्ही फार पुढे गेलात. तेवढं एकदा परत घेऊ?’

मग धाकटी, नाक वाहतंय, डोळे सुजलेत, म्हणते, ‘परत?’

आणि हसली! हुंदका कुठला नि हसू कुठलं, काही कळेना. मीही हसत सुटले.

परतीच्या वाटेवर मधेच थांबली. ‘ताई, भूक लागलीय.’

१८ जानेवारी

झोपली. घोरली! तोंड उघडं टाकून, दात न खाता. मी चहा गार होईपर्यंत नुसती तिच्याकडे बघत बसले. काल तिच्या आत असं काय होतं, आणि गेलं कुठे? डोळ्यांतून वाटीभर पाणी जातं आणि अख्खं माणूस परत येतं. याला काय म्हणायचं?

आईला फोन केला. तिने विचारायच्या आत सांगितलं. पलीकडे आई रडायला लागली.

१९ जानेवारी

रेकॉर्डिस्टला खरं काय ते सांगितलं. त्याने हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, ‘पुसून टाकतो. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडी कसं घालायचं?’

२२ जानेवारी

सगळं छान झालं असं नाही. आज दिवसभर गप्प. संध्याकाळी बॅगेतल्या नवऱ्याच्या स्वेटरवरून पुन्हा रडली. त्याच्यावर चिडलीसुद्धा — ‘सांगून तरी जायचं!’ मग उठून तोंड धुतलं, तव्याचा फोड बघितला आणि म्हणाली, ‘आई गं, दुखतंय.’

दुखतंय म्हणाली!

२७ जानेवारी

आज निघाली. बॅग उचलून दारात थांबली.

‘ताई, त्या दिवशी सुरुवातीला मी त्याच्यासाठी रडलेच नव्हते. तू अंधारात एकटी रडत होतीस. आणि तो माणूस सारखा म्हणत होता, अजून थोडं, अजून थोडं. कुणी उठून तुझ्याजवळ येतच नव्हतं.’

म्हटलं, ‘वेडे, ते खोटं होतं.’

‘हो?’ म्हणाली. आणि तिने बॅग खाली ठेवून माझे हात हातात घेतले.

तिची गाडी चुकली.