शेवटच्या बाकापर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आई चालली. धाकट्या भावाकडे. कायमची म्हणे. काल जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. वय सत्त्याऐंशी, आणि बाईसाहेब परस्पर निर्णय घेतात! इथे काय कमी पडलं, असं विचारलं. पुन्हा विचारलं, मोठ्याने. तेव्हा म्हणाली, हं.
जा म्हणावं. पंधरा दिवसांत परत येईल. लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी
परत येईल, कारण अगदी साधं आहे. आईला ऐकू येत नाही. कानाला मशीन आहे, तरी नाही. तिच्याशी बोलायला आवाज लागतो, आणि या घराण्यात आवाज फक्त मला आहे. कॉन्व्हेंटमध्ये एलोक्यूशनच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. माझा त्याच्याही पलीकडे, व्हरांड्यात पोचायचा. पुढे शाळेत सुपरवायझर झाले. बत्तीस वर्षं असेंब्ली घेतली, माईकला हात लावला नाही.
धाकट्याची बायको तोंडातल्या तोंडात बोलते. तिला मी मनात कुजबुज म्हणते. (आज फोनवर एकदा तोंडातूनही गेलं. तिने ऐकलं नसावं.) ती विचारणार, आई, चहा ठेवू का? आईला बाई बोलली की पंखा फिरला, ते कळणार नाही. उपाशी राहील. मग मला फोन करेल. मी लगेच हो म्हणणार नाही.

६ फेब्रुवारी
कुजबुजसाठी सूचनांची फाइल तयार. अकरा पानं, टाइप केलेली. पान एक: आईशी बोलताना समोर उभं राहावं, हनुवटी वर, श्वास पोटातून. पान चार: सेल. मशीनला शर्टाच्या बटणाएवढे सेल लागतात, एका कार्डावर सहा. तीन वर्षं दर एक तारखेला मी कार्ड आणते, वर लाल पेनने तारीख घालते, आईच्या हातात देते. बसवते तिची ती. ही शिस्त मी लावली.
फाइल आईला मोठ्याने वाचून दाखवली. सहाव्या पानावर झोपली. शेजारीण बेल वाजवून विचारते, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, आई जातेय, मायलेकी जरा बोलतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार
पॅकिंग. शिवणाचा डबा घे म्हटलं, तर नको म्हणाली. तिथे लागणार नाही. मग इथे कोणाला लागणार आहे? मी आयुष्यात बटण लावलेलं नाही. स्वतः हलकं व्हायचं आणि अडगळ माझ्या गळ्यात मारायची. राहू दे. परत आली की दाखवीन.
तोवर तिच्या खोलीत माझी स्टडी. वक्तृत्वावर पुस्तक लिहायचं आहे. रोज दोन पानं.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
गेली. धाकटा गाडी घेऊन आला, चहासुद्धा उभ्या उभ्या प्यायला. म्हणे, ताई, लांबचा पल्ला आहे. लहानपणापासून पळपुटा.
मी पायऱ्यांवरून शेवटच्या सूचना दिल्या. गोळी जेवणानंतर, गार पाणी बंद, आणि नाही जमलं तर मुकाट्याने परत ये, मी काही दार लावून घेणार नाही. अख्ख्या गल्लीने ऐकलं. आईने मान हलवली. गाडी कोपऱ्यावर वळताना मागच्या काचेतून दिसलं, तिचा हात कानाजवळ गेला. डोळे पुसत असणार. मानी बाई. मला दिसू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत थांबली.
मी रडले नाही. फाइल सोफ्यावरच राहिली.

१४ फेब्रुवारी
फोन नाही. मीही करणार नाही. पुस्तक: पाने शून्य. टेबल डुगडुगतं.

१५ फेब्रुवारी
केला. माझ्यासाठी नाही, गोळीची आठवण करून द्यायला. कुजबुजने उचलला. आई खालच्या आजोबांशी गॅलरीतून गप्पा मारतायत, म्हणाली. काल म्हणे सगळ्यांनी रेडिओवर नाटक ऐकलं. ऐकलं! मी म्हटलं, आईने बघितलं असेल. म्हणते, रेडिओ बघत नाहीत ना ताई. उद्धट. पुटपुटते, पण उद्धट.
शिवाय म्हणाली, आल्या आल्या आईंनी सेल आणायला लावले, आता छान ऐकू येतं. सेल का आणावे लागले? एक तारखेला मी नवं कार्ड दिलं होतं. हरवलं असणार. म्हातारपण.

२३ फेब्रुवारी, रविवार
दोन आठवडे झाले. उद्या पंधरावा दिवस. आईच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. कोणाला वाटायला नको की वाट बघतेय. चादर तशीही धुवायचीच होती.

२४ फेब्रुवारी. दुपारी १२
आली नाही. स्टडीचं काम हाती घेतलं. डुगडुगत्या टेबलाखाली घालायला काहीतरी हवं म्हणून शिवणाचा डबा उघडला.
दोरे नाहीत. सुया नाहीत. सेलची कार्डं. तारखेप्रमाणे नीट लावलेली, प्रत्येकावर माझी लाल शाई. सगळी बंद. सर्वांत खालचं, तीन वर्षांपूर्वीचं, तेवढं उघडलेलं. त्यातले दोन सेल वापरले आहेत.
काटकसर. जुन्या पिढीला वस्तू जपून ठेवायची सवयच असते.

दुपारी ४
एक सेल साधारण आठवडाभर चालतो. म्हणजे या घरात तिने मला पंधरा दिवस ऐकलं.

२५ फेब्रुवारी
फोन केला. आईलाच दे म्हटलं. कार्डांचा जाब विचारायचा होता. सात मुद्दे कागदावर काढले होते.
आई आली. बोल, म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ आहे हे मी विसरले होते. इथे तर नुसतं हं. मुद्दे हातातच राहिले. मी विचारलं, आई, परत कधी येतेस? इतक्या हळू मी जन्मात बोलले नसेन. पहिल्या बाकापर्यंतही पोचलं नसतं.
मग म्हणाली, काही ऐकू येत नाही गं बाई, मशीन काढून ठेवलंय.
फोन ठेवणार तेवढ्यात तिकडून, आतल्या खोलीतून, कुजबुजचा आवाज आला. मला जेमतेम कळला. आई, चहा ठेवू का?
आई म्हणाली, ठेव. अर्धाच कप.