निघताना काय म्हणायचं

३ मे
पोचलो एकदाचा दिल्लीत! मनाली सोडून आठ दिवस झाले, त्यातले सहा कर्नालच्या ढाब्यावर गेले. का गेले ते पुन्हा कधीतरी. आज कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कॅन्टीनमध्ये पोहे खाता खाता नोकरीच लागली. शेजारच्या टेबलावरच्या बाई फोनवर कुणाला सांगत होत्या की पापांची झाडं सांभाळायला माणूस हवाय, पण मराठीच हवा, हिंदीवाला बिल्कुल नको. मी तोंडात घास असतानाच म्हटलं, मी आहे की! त्यांचं नाव अलकनंदा, कुठल्याशा मंत्रालयात आहेत. मी अलकाताई म्हणायचं ठरवलं. आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर, तळमजला. मला मागच्या व्हरांड्यात खाट आणि पंखा.

पापा म्हणजे त्यांचे वडील, भाऊसाहेब. वकिलातींमधे टायपिस्ट होते. जिथे बदली झाली तिथलं एकेक झाड घेऊन आले. माझं गाव विचारलं. बार्शी म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे ज्वारी सोडून काही पाहिलेलं नसणार. म्हातारा मजेशीर आहे.

४ मे
झाडांची खोली म्हणजे मागची बेडरूम. दोन कूलर, खसचा वास, बाहेर लू आणि आत श्रावण. एक झाड आफ्रिकेच्या वाळवंटातलं. जन्मभर त्याला दोनच पानं, आणि जन्म हजार वर्षांचा! पानं फाटून पार चिंध्या झाल्यात. दुसरं हुबेहूब खडे. मी त्यातला एक दाराला टेकू म्हणून उचलला, तर भाऊसाहेब ओरडले. तो जिवंत होता. मग तो माशा खाणारा फ्लायट्रॅप. एकदा शिवलं तर मिटत नाही, लगेच दुसऱ्यांदा शिवलं की मिटतो. म्हणजे झाड मोजतं! अर्धा तास मी त्याला झाडूच्या काडीनं गुदगुल्या करत बसलो.

कोपऱ्यात एक कुंडी आहे. पान नाही, खोड नाही, नुसते ओल्या शेवयांसारखे पिवळट धागे. बाकी सगळ्यांना नावाच्या पाट्या, हिची पाटी कोरी. भाऊसाहेब म्हणाले, आपली अमरवेल हिची लांबची बहीण. अमरवेल उगवली की वास घेत शेजारचं झाड शोधते, एकदा ते धरलं की स्वतःचं मूळ सोडून देते. पण हिला झाड लागत नाही. मग काय लागतं ते विचारणार होतो, तेवढ्यात फ्लायट्रॅपवर माशी बसली.

काम संपल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे निघताना काय म्हणतात? येतो म्हणतात, मी सांगितलं. म्हणाले, मग म्हण. झाडांनाही म्हणावं. मी हात जोडून सगळ्या कुंड्यांना म्हटलं, येतो हं!

अलकाताई मात्र ऑफिसला निघताना म्हणाल्या, चलो, मी जाते. अंगावर काटा आला. आईनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, जाते काय म्हणतेस, येते म्हण. दिल्लीत वाढलेल्यांचं मराठी असंच.

८ मे
आईचा फोन. एकवीस तारखेला सोलापूरला डोळ्याचं ऑपरेशन. येतोस ना, म्हणाली. येतो म्हटलं. तीन वर्षं प्रत्येक गावातून हेच म्हणतोय. पण या वेळी खरंच जाणार, एकोणीसचं निजामुद्दीनहून तिकीट काढलं. भाऊसाहेब म्हणाले, अवश्य जा.

ते आज व्हरांड्यापर्यंत आले! अकरा वर्षांत पहिल्यांदा, असं अलकाताई म्हणाल्या आणि रडल्या. मला वाटलेलं की गुडघे दुखतात.

१२ मे
भाऊसाहेब मार्केटात जाऊन जलेबी खाऊन आले. मीही गुरुग्रामचे काचेचे टॉवर बघायला निघालो. मेट्रोत एका सरदारजीशी पनीरवरून वाद घालत होतो. पुढे ऐकलं तर अनाउन्समेंट आर. के. पुरमची. उलट्या गाडीत बसलो असणार. माझं हे नेहमीचंच.

शेवयांचे धागे भिंतीकडे होते. आता दाराकडे वळलेत.

१५ मे
इंडिया गेटला निघालो होतो. बसमध्ये चढलो, कंडक्टरनं तिकीट दिलं. पुढचं आठवतं ते या खोलीत उभा असल्याचं, हातात झारी. दुपारचे दोन. तिकीट खिशात आहे. उन्हामुळे झालं असेल.

डाव्या टाचेच्या भेगेत सुताचा दोरा अडकलाय असं वाटलं. ओढला. गुडघ्यापर्यंत कळ गेली. तुटला नाही.

१८ मे
अलकाताईंनी सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे पापांना ऐकू जाऊ नये. भाऊसाहेबांनी ती कुंडी एका बंदरावरून आणली आणि वर्षानुवर्षं तिच्याशी मराठीत बोलले. तिला तेवढंच कळतं. अकरा वर्षांपूर्वी रिटायर व्हायच्या दिवशी, ऑफिसला जाताना ते तिला येतो म्हणाले. मग ती परत बोलावतच राहिली. एक माणूस सुटायचा तर दुसऱ्यानं शब्द द्यायला हवा. तेव्हापासून अलकाताईंना बजावलेलं, तू जातेच म्हणायचं.

म्हटलं, मला का? ताई म्हणाल्या, सॉरी यार. दोनदा म्हणाल्या.

मी रोज म्हणत होतो. हात जोडून.

जाऊन कुंडीला सांगितलं, जातो. म्हणजे सांगायला गेलो. जीभ टाळ्याला चिकटली.

१९ मे
निजामुद्दीन. गाडीत बसलो. खिडकी मिळाली. मथुरेला चहा घेतला, कुल्हड हातात —

खाली ओली फरशी. खसचा वास. कुल्हड अजून गरम.

२० मे
ते दोघं गेले. भाऊसाहेबांच्या अंगात इस्त्रीचा सफारी. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. दारातून भाऊसाहेब स्वच्छ आवाजात म्हणाले, जातो.

दार उघडंच आहे. उघडं असूनही —

टाचेत आता पाच धागे. कुंडीतली माती कोरडी पडलीय, तिचं मूळ वाळलंय. तिला ते लागत नाही आता.

वहीत लिहून बघतो. मी येतो. मी येतो.
हे मी लिहिलेलं नाही. मी दुसरंच लिहिलं होतं.

२१ मे, सकाळ
आईचा फोन. हात ओले, म्हणून स्पीकर लावला. चूक. ऑपरेशनला मी नाही म्हणून रागावली नाही. म्हणाली, तुझा आवाज असा का गुणवंता? बरं नाही का? तू येत नाहीस तर पट्टी सुटली की मीच —

बंद करायला धावलो. पाय उचलेना. तिनं म्हटलं. मराठीत. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. मीच येते.

धागे फोनकडे वळले. सगळे.

२१ मे, दुपार
पाय सैल. दोन दिवसांत पहिल्यांदा. दारापर्यंत गेलो. पायरीवर उभा राहिलो. ऊन लागलं.
भाऊसाहेब जलेबी खाऊन आले होते ते असंच —

नाही. आई नाही.

परत आत आलो. फोन लागत नाही. वहीचं पान फाडून वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी देतो, ते कळवतील. चारच शब्द. हळू लिहितो, एकेक अक्षर बघून.

आई, तू इकडे ये