घळीतलं झाड

मानिपा बेट,
२ सप्टेंबर १७४१

प्रिय तोबियासदादा,

सलोमीचा नमस्कार. हारुकूला तुम्ही सगळे सुखरूप असाल. वहिनीला मुलगी झाल्याचं मिठाच्या होडीवाल्याकडून कळलं. तिच्या नावाचं लवंगेचं झाड लावायला मामा वेळेवर पोचला ना? वहिनीचा भाऊ सगळीकडे उशिरा पोचतो, म्हणून विचारते.

इकडे आम्हीही ठीक. यंदा सागू भरपूर आहे, मासळी बेताची. तुझ्या मेहुण्याची, मेल्कियोरची, पाठ धरली आहे, तरी जाळं सोडत नाही. तुझा विषय निघाला की म्हणतो, "तुझ्या भावाला काय कमी? डचांची कंपनी वल्हं देते, वर कुऱ्हाडही देते." मी त्याला गप्प करते.

ओर्पा उंच झाली आहे. तिचा सारखा एकच प्रश्न. "आई, गावातल्या सगळ्या पोरांची झाडं कंपनीने तोडली. माझंही तोडलं का?" मी सांगते, "तुझ्या मामाला विचार." खोटं नाही ते. ती जन्मली तेव्हा कड्याखालच्या घळीत तूच ते लावलंस. मेल्कियोर, मी आणि तू सोडून ती जागा कुणाला माहीत नाही.

दादा, त्या झाडाला यंदा पहिल्यांदा कळ्या आल्या. वारा फिरला की वास खाली किनाऱ्यापर्यंत येतो. म्हणून मी रोज पहाटे जाऊन कळ्या खुडते आणि खोल पाण्यात टाकते. हाताचा वास मात्र जात नाही. राखेने घासते, मासे चिरत बसते, तरी येतोच. तुमच्या बेटावर लवंग लावली नाही तर दंड, आमच्या बेटावर लावली तर बेड्या. झाड तेच आणि कंपनीही तीच.

होडीवाला म्हणाला, पुढच्या महिन्यात कंपनीच्या होड्या इकडे झाडं तोडायला निघणार, आणि हारुकूच्या वल्हेकऱ्यांत तुझंही नाव आहे.

वर लिहिलं, आम्ही ठीक आहोत. ओर्पा ठीक नाही. तिला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. एलियासला असाच यायचा.

माझ्या थोरल्याबद्दल तुला मी कधी नीट लिहिलं नाही. गेला, एवढंच कळवलं. धबधब्यामागे त्याचं झाड होतं, तिथली वाट शिपायांना सापडणारी नव्हती. त्यांच्या पुढे तू चालत होतास. एलियास किनाऱ्यावरून "मामा, मामा" म्हणून हात हलवत होता. तू मान वळवली नाहीस. संध्याकाळी मला म्हणालास, "सलू, एक दाखवलं की ते दुसरं शोधत नाहीत." तुझं खरं ठरलं. ते परत गेले. पावसाळ्यात एलियास गेला.

पाद्री सांगतात, झाड वेगळं, माणसाचा जीव वेगळा. देवळात बसले असताना पटतं. घरी येऊन ओर्पाच्या कपाळाला हात लावला की पटत नाही.

या वेळी दाखवायला दुसरं झाड उरलेलं नाही, दादा. घळीकडची बाजू तू मागून घे. एकटा वर जा, थोडा वेळ बस, आणि खाली येऊन सांग की वर काही नाही. तुझी लबाडी कळली तर तुला साखळीने बांधून नेतील, फटके मारतील. मला हे सुचलंच नसेल, असं समजू नकोस. सुचलं, आणि तरी लिहिते आहे.

जमणार नसेल तर हात मोडून घे, आजारी पड, पण त्या होडीत बसू नकोस. दुसऱ्या कुणाच्या कुऱ्हाडीने झाड पडलं, तर त्याला जन्मभर शिव्याशाप देऊन मी जगेन. तुला ते देता येत नाहीत. एलियासच्या वेळी देऊन पाहिले. तोंडातून निघत नाहीत.

उत्तर लिहू नकोस. मी किनाऱ्यावर उभी राहीन.

अजून तरी तुझीच बहीण,
सलोमी