कोकिळाच्या अक्षरातला प्रश्न

समुद्रपूर,
१६ डिसेंबर १९७९

ती. पंचफुलाताईस जयवंताचा नमस्कार.

मी बरी आहे. इकडे थंडी चांगलीच पडली. भाऊजींचा खोकला थांबला का?

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज संध्याकाळी प्रौढ शिक्षणाचा वर्ग असतो, त्यामुळे वेळ मिळाला नाही. तू विचारलंस, 'हे म्हनतात, कापसाच्या वेचनीचे दिवस आहेत, कोकिळाचं नाव शाळेतून काढू. तू बी.ए. झाली, तुले सरकारी पगार आहे. शिकून फायदा होते का, तूच सांग.' प्रश्न तुझा, पण अक्षर तुझ्या लेकीचं, कोकिळाचं. किती वळणदार लिहिते गं!

वेळ नव्हता हे खरं नाही.

ताई, सरकारी काम लागलं एवढंच मी कळवलं होतं. मला पगार नाही, मानधन आहे. महिन्याचे पन्नास रुपये, आणि दिवाळीपासून तेही आलेले नाहीत. वर्गात फळ्यावर मी लिहिलं होतं, 'शिका, कमाई वाढवा.' रामबाईने विचारलं, "बाई, तुमाले किती भेटते?" मी सांगितलं.

"अवो माय! एवढं तं मी पंधरा दिवसांत वेचतो!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

गेल्या रविवारी मी शेजारच्या गावी कापूस वेचायला गेले. तोंडाला पदर गुंडाळला होता. नेमकी रामबाई आमच्या वर्गातल्या बायका घेऊन त्याच वावरात आली होती. "एवढी हळू वेचनारी आपली बाईच!" तिने लगेच ओळखलं. संध्याकाळी वजनकाट्यापाशी माझं गाठोडं सगळ्यांत लहान. बायकांनी आपापल्या ओटीतला मूठमूठ कापूस त्यात टाकला. मला मान वर करवेना. माझ्या कॉलेजची चार वर्षं तू अशीच वेचत होतीस, बोटं फाटेपर्यंत. तुझा वेग मला कधी आलाच नाही.

शिकून पैसा मिळतो का, मला अजून ठाऊक नाही. तरी कोकिळाचं नाव काढू नको. का, ते नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वर्गात पाटी घेऊन सगळ्यांत आधी रामबाई आली, एवढंच सांगते.

हे पत्र कोकिळाच वाचून दाखवत असेल. पोरी, मधलं काही गाळलं असशील तर मागे जा आणि आईला पुन्हा वाचून दाखव. ती काय म्हणते, ते तूच लिही. नाव काढायचं ठरलं, तरी तूच लिही.

तुम्हा दोघींची,
जयवंता